जिवापाड जपलेला पासवर्ड

बसा निवांत. चहा ठेवला आहे, पण आमचा गॅसबी माह्यासारखाच सावकाश चालते. तोपर्यंत माह्या हातून झालेली एक फजिती ऐका. हसू आलं त हसा, मले वाईट वाटत नाई. त्या दिवशी घरातले सगळेच हसले. मलेच फक्त हसायले थोडा वेळ लागला.

आधी सांगून ठेवतो, मी शाळेत गेलो नाई. अक्षरं आली ती म्हातारपणी, नातीच्या पाटीवरून. एस.टी.ची पाटी वाचता येते, पण केळझर हा शब्द वाचून होईस्तोवर केळझरची गाडी निघून जाते. असा माणूस कम्प्युटरचा कारभारी कसा झाला, हे विचाराल त त्याले माहा पोरगा विलास जबाबदार आहे.

विलास नागपूरकडे एका कारखान्यात आहे. त्याच्या डोक्यात आलं की घरातले फोटो दुसऱ्याच्या कम्प्युटरवर ठेवायचे नाई.

"बाबा," म्हणे, "आपला कापूस आपण परक्याच्या गोदामात ठेवला, अन् उद्या त्यानं भाडं वाढवलं त? नाईतर दारच बंद केलं त? आपल्या घरात जागा आहे ना!"

कापसाचं नाव काढलं, मले लगेच समजलं. त्यानं आपला कॉलेजातला जुना कम्प्युटर आणला, त्यात मोठी डिस्क बसवली अन् देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवून देला. त्याले ना पडदा, ना बटनं. नुसता डबा. एक हिरवा दिवा लुकलुकते, बस. सगळ्या घरादाराचे फोटो त्या डब्यात, अन् पाहायचे मोबाईलवर. लाईट गेली त बॅटरी आहे. अन् इथं काही बिघडलंच, त सगळ्याची एक नक्कल विलासच्या घरी असते.

हिनं, म्हणजे माह्या बायकोनं, डब्यावर विणलेला रुमाल टाकला. विलास फोनवर ओरडला, "आई, तो गरम होते, रुमाल काढ!" रुमाल काढला, त मांजर येऊन बसलं. त्याले गरमच पाहिजे होतं.

तर, पासवर्ड. विलासनं मले समोर बसवलं.

"बाबा, जन्मतारीख ठेवायची नाई."

"मले कुठं माहीत आहे माही जन्मतारीख?"

"मोबाईल नंबर नाई."

"तोबी पाठ नाई."

"पोराचं नाव नाई."

"तेवढंच माहीत होतं, बापा."

तो शांतपणे म्हणाला, "चार-पाच शब्द एकापुढं एक ठेवा. लंबं पाहिजे. दुसऱ्याले सुचू नये, अन् तुम्ही मरेपर्यंत विसरू नये, असं काहीतरी."

मी डोळे मिटले, अन् एकदम सुचलं. लग्नात घेतलेला उखाणा! आमच्या वेळेस बायकोले नावानं हाक मारत नसत. अजूनबी मी हिले "ऐकलं काय" म्हणूनच बोलावतो. सगळ्या जन्मात हिचं नाव मी एकदाच तोंडानं घेतलं, ते त्या उखाण्यात. तो मी कसा विसरीन? विलासच्या कानाजवळ जाऊन सांगतला. तो गालातल्या गालात हसला. म्हणे, "लंबा आहे, चालते." मराठीतच टाकून देला. पोराले बापाच्या लग्नातलं काय माहीत असणार!

"आता हे कोणाले सांगायचं नाई," तो म्हणाला. "बँकेतून बोलतो म्हणून फोन आला तरी नाई. जवळचा माणूस आला तरी नाई. अन् घरात बाहेरचे लोक असले की फोटोच्या ॲपातून बाहेर निघत जा."

पोरानं सांगतलं अन् मी ऐकलं नाई, असं होत नाई. मी त थोडं जास्तच ऐकलं. त्याच हप्त्यात सिलेंडरवाला आला. म्हणे, "बाबाजी, मोबाईलवर नंबर आला असन, तो सांगा." मी म्हटलं, "नाई सांगत." तो म्हणे, "अहो, सांगितल्याशिवाय सिलेंडर देता येत नाई." मी म्हटलं, "नको देऊ." तो बिचारा भरलेला सिलेंडर परत घेऊन गेला. तेव्हा हिनं अंगणातल्या चुलीवर स्वयंपाक केला, अन् धूर नेमका माह्या बाजेकडंच येत होता. वाऱ्यानं येत होता की हिनं चूल तशी मांडली होती, ते मी विचारलं नाई.

एवढं झाल्यावर तरी शहाणं व्हायले पाहिजे होतं. नाई झालो.

आता मुख्य गोष्ट. हिची धाकटी बहीण कमल, रोहण्याले दिलेली. कमल पाळण्यात होती तेव्हाच यांची माय गेली. ही तेव्हा जराशी मोठी होती, तिले मायचा हात आठवते, वेणी घालतानाचा, पण तोंड आठवत नाई. कमलले त तेबी नाई. घरात मायचा एकबी फोटो नव्हता. उभ्या जन्मात या दोघी बहिणींनी आपली माय कशी दिसत होती ते पाह्यलंच नाई.

अन् मागच्या उन्हाळ्यात विलास आष्टीले हिच्या मामाच्या घरी गेलता. तिथं पेटीत एक फोटो सापडला. कोणाच्या तरी लग्नातला, दहा-बारा बाया उभ्या, अन् मामानं मरायच्या आधी सांगून ठेवलं होतं की मागच्या ओळीतली कोपऱ्यातली ती आपली बहीण. कागदाचे पापुद्रे निघत होते. विलासनं तिथंच त्याचा फोटो काढला, साफ केला, मोठा केला अन् आमच्या डब्यात टाकला.

मी म्हटलं, "चाल, पाहू."

ही म्हणाली, "नाई. कमल आल्याशिवाय मी पाहणार नाई. दोघी सोबत पाहू."

विलास म्हणाला, "मावशीच्या जवाईच्या मोबाईलवर पाठवून देऊ काय?"

"माय काय लग्नाची पत्रिका आहे मोबाईलवर पाठवायले?" ही म्हणाली. झालं, विषय संपला.

कमलचं येणं लांबत गेलं. कधी पेरणी, कधी नातवाचा ताप. शेवटी आली ती डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. एका डोळ्यानं अंधुकच दिसते, अन् दुसऱ्याचं ऑपरेशन वर्ध्याले होतं. चारच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी भरती व्हायचं होतं. डॉक्टरनं सांगतलं होतं, साधं काम आहे, भिऊ नका. पण जिचा डोळा आहे तिले भीती वाटणारच ना?

आल्या आल्या म्हणाली, "भाऊजी, डोळ्यावर पट्टी बांधायच्या आधी एकदा मायले पाहू द्या. मंग काही झालं तरी चालते."

तिच्यासोबत तिचा जवाई गजानन होता. रोहण्याले बी-बियाण्याचं दुकान आहे त्याचं. बोलका, हुशार, मोबाईल त त्याच्या हातात चिकटूनच असते. माणूस चांगला, पण जवाई म्हणजे बाहेरचा माणूस की घरचा? मी विचार केला. विलासनं सांगतलं होतं, बाहेरचे लोक आले की ॲपातून निघत जा. म्हणून ते लोक फाटकातून आत येऊन राह्यले, अन् मी इकडं ओसरीवर बसून ॲपातून बाहेर निघालो! काय म्हणावं सांगा?

जेवणं झाली. दोघी बहिणींनी तोंडं धुतली, केस विंचरले, कपाळाले कुंकू लावलं. मायले पाहायचं होतं ना! सतरंजीवर एकमेकीचा हात धरून बसल्या. कमलनं चष्मा पदरानं दोनदा पुसला. मी मोबाईल उघडला.

मोबाईल म्हणे, पासवर्ड टाका.

मी मोबाईलवर सगळी कामं बोलूनच करतो. ते माईकचं चित्र दाबायचं अन् सांगायचं, "कापसाचा भाव," की तो लिहून घेते. इथंबी बोललो असतो हळूच. पण तिथं माईकच नाई! सगळीकडं असते, अन् नेमकं पासवर्डाच्या जागी नाई. मोबाईललेबी विलासनंच शिकवलं असन.

"सांगा मामाजी, मी टाकतो," गजानन म्हणाला अन् हात पुढं केला.

"नाई."

"काऊन?"

"पासवर्ड कोणाले सांगायचा नसते."

"अहो, पण मी काय चोर आहो काय?"

"तसं नाई म्हणत मी. तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसा, मी टाकतो."

घरी जेवायले आलेल्या जवाईले भिंतीकडं तोंड करून बसवणारा सासरा तुम्ही कधी पाह्यला काय? मी बसवला! बिचारा बसलाबी. हिनं माह्याकडं असं पाह्यलं, की सिलेंडरच्या दिवशीचा धूर बरा.

मी एका बोटानं सुरू झालो. 'क' सापडला. त्याची मात्रा सापडायले वेळ लागला. 'ळ' कुठं लपला होता देव जाणे. अन् टाकलेलं दिसत त काही नाई, नुसते काळे ठिपके, शेळी रस्त्यानं जाता जाता टाकत जाते ना, तसे! चूक झाली की बरोबर, कसं समजावं? सगळा उखाणा टाकला, बटन दाबलं. चूक. पुन्हा टाकला. चूक. जोडाक्षर आलं की माहं बोट भलत्याच घरात शिरत होतं. आणखी एकदा केलं, त मोबाईलवर लंबं वाक्य आलं.

"काय म्हणून राह्यला तो?" मी विचारलं.

गजाननानं भिंतीकडूनच मान वळवून वाचलं. "थोडं थांबून प्रयत्न करा म्हणते. मामाजी, तीन वाजून गेले. वर्ध्याची गाडी सापडली पाहिजे. विलासभाऊले फोन लावा ना!"

लावला. पण विलासच्या कारखान्यात मोबाईल गेटावर जमा करा लागते. सुट्टी झाल्याशिवाय मिळत नाई. घंटी वाजून वाजून बंद झाली.

कमलनं नुसता चष्मा काढून मांडीवर ठेवला. ते मात्र माह्याच्यानं पाहावलं नाई.

तेव्हा माह्या डोक्यात एक कल्पना आली. वाटलं, विलासलेबी सुचली नसती! उखाण्याच्या ओळी दोन. एक ओळ गजानन टाकन, दुसरी दुसरा कोणी. कोणाजवळच पूर्ण पासवर्ड राहणार नाई! मी बायांले म्हटलं, "तुम्ही जरा अंगणात बसा." दार लोटलं. गजाननच्या कानात पहिली ओळ सांगतली. त्यानं विचित्र नजरेनं पाह्यलं माह्याकडं, पण टाकली.

"आता?"

"आता तुम्हीबी बाहेर जा. अन् हे कोणाजवळ बोलू नका. माहा भाऊ नामदेव बाजूच्या घरात आहे, त्याले एकट्याले आत पाठवून द्या."

पडदा बंद होऊ नये म्हणून मी मोबाईलवर बोट फिरवत बसलो, लेकराच्या डोक्यावरून फिरवावं तसं.

इकडं बाहेर काय झालं, ते मले नंतर समजलं. गजाननानं कुंपणाजवळून हाक मारली, "मामाजी एकेकाले आत बोलवून राह्यले. दार बंद आहे. तुम्हाले एकट्याले या म्हणते. काही विचारू नका." आता तुम्हीच सांगा, गावात म्हातारा माणूस दार लावून एकेकाले आत बोलवते, ते कशासाठी? नामदेव अर्धी दाढी करून बसला होता. तसाच साबण लागलेल्या गालानं पळत आला.

"दादा! छातीत दुखते काय?"

"नाई."

"मंग वाटणी करून राह्यला काय? मले न विचारता?"

"अरे नाई बापा. बस. हा मोबाईल घे. मी सांगतो ते इथं लिव."

"मोबाईलवर लिवून घेऊन राह्यला? वकिलानं सांगतलं काय?"

"गप. लिव." मी दाराकडं पाह्यलं, आवाज बारीक केला. अन् तिथंच अडलो. दुसऱ्या ओळीचा पहिलाच शब्द हिचं नाव! धाकट्या भावापुढं बायकोचं नाव घ्यायचं तरी कसं? जीभच उचलेना.

"लिव... तुह्या वहिनीचं नाव."

नामदेवाच्या हातून मोबाईल पडताच पडताच वाचला. "म्हणजे विहिरीजवळचं वावर वहिनीच्या नावानं करून राह्यला!"

"अबे, वावराचं काय घेऊन बसला!"

"मंग घर? दादा, मी तुले कधी उलटून बोललो काय? सांग, बोललो काय?" अन् साबण लागलेल्या तोंडानं रडायच्या घाईले आला.

आवाज ऐकून दार उघडलं. ही पहिले आत आली, मागं कमल, मागं गजानन.

"काय झालं? काय सांगून राह्यले तुम्ही यांले?"

"वहिनी," नामदेव म्हणाला, "तुमच्या नावानं सगळं होऊन राह्यलं, तुम्हाले माहीत नाई काय?"

"माह्या नावानं? काय आहे माह्या नावानं? या घरात सिलेंडर त मिळत नाई मले!"

"अरे, कोणतीच वाटणी नाई!" मी ओरडलो. मी ओरडत नसतो कधी, म्हणून सगळे गप झाले. "तो डब्याचा पासवर्ड आहे! कोणाले पुरा समजू नये म्हणून दोघांत वाटून देऊन राह्यलो!"

गजानन दारातून म्हणाला, "पण मामाजी, मले त तुम्ही केळझरच्या गणपतीचं काहीतरी टाकायले लावलं."

"केळझरचा गणपती?" कमल म्हणाली. अन् तिचा चेहरा बदलला. "अवो बाई! 'केळझरच्या गणपतीले दूर्वांची जुडी' तर नाई?"

अन् नामदेव, डोळे पुसता पुसता, त्याले काही समजलं नव्हतं तरी, आपोआप बोलून गेला, "'वत्सलाचं नाव घेतो, काढा आता कडी!' पण दादा, हे आता मधात काऊन आणलं?"

मंग ही पदर तोंडाले लावून भिंतीले टेकली. हसून हसून हिले उभं राहता येईना.

"भाऊजी," कमल म्हणाली, "तुमच्या लग्नात दार कोणी अडवलं होतं? मीच ना! नाव घेतल्याशिवाय आत येऊ देत नाई म्हणून आतून कडी लावणारी मीच होती! तुम्ही घाबरून असे जोरात बोलले, की मांडवातल्या शेवटच्या माणसाले ऐकू गेलं."

"अन् मंग गावातले पोरं," नामदेवले एकदम आठवलं, "वर्षभर दादा बैल घेऊन निघाला की मागं मागं ओरडत, 'काढा आता कडी!' मीबी ओरडत होतो. तू मले मारलंबी होतं."

सांगतो तुम्हाले, विसरणार नाई अशी गोष्ट निवडायले सांगतली होती पोरानं. उखाणा मी विसरलो नव्हतो. तो सगळ्या गावाले पाठ आहे, एवढंच विसरलो होतो. अन् ज्या कमलपासून मी तो लपवून राह्यलो होतो, तिनंच तो माह्या तोंडून काढला होता!

तोपर्यंत गजाननानं नामदेवच्या हातचा मोबाईल घेऊन दुसरी ओळ टाकलीबी. उघडलं.

त्यानं फोटो शोधला, मागच्या ओळीतली कोपऱ्यातली बाई मोठी केली अन् मोबाईल दोघींच्या मधात धरला. आम्ही माणसं बाजूले झालो. नामदेवनं गालावरचा साबण बाहीले पुसला.

बाई तरणी होती. डोक्यावर पदर, पण कान उघडे. कॅमेऱ्याकडं पाहत नव्हती, बाजूच्या कोणाचं तरी ऐकत होती. हसायच्या बेतात असल्यासारखी.

कमलनं डोळे बारीक करून, मोबाईल पार नाकाजवळ नेऊन पाह्यलं. खूप वेळ. मंग आपल्या कानाच्या पाळीले हात लावला.

"बाई," ती हिले म्हणाली, "कान माह्यासारखे आहेत ना?"

"तुह्यासारखेच," ही म्हणाली. "जरा बाहेर आलेले."

"लहानपणी सगळे चिडवत मले. म्हणत, हे कान कोणाचे आणले."

तिनं बोट लांब करून मायच्या गालाले लावलं. अन् पडद्याले बोट लागलं की काय होते, तुम्हाले माहीत आहे! फोटो सरकला अन् माय जाऊन आमची म्हैस आली. दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की रडत आहेत की हसत आहेत तेच समजेना. गजाननानं मायले परत आणलं.

चारची गाडी सापडली. नामदेवनं दोघांले आपल्या मोटारसायकलवर फाट्यापर्यंत पोहचवलं, तशाच अर्ध्या दाढीनं. ऑपरेशन चांगलं झालं. आता कमल म्हणते, पुन्हा येतो, तेव्हा नीट पाहीन.

संध्याकाळी विलासचा फोन आला. सगळं त्यानं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "बाबा, हा पासवर्ड आजच बदलावा लागन. असं काही ठेवा जे तुम्ही आजपर्यंत कोणासमोरच बोलले नाई. अन् फोटो पाहायचा असन त घरच्या माणसाले पाहू देत जा हो. कुलूप चोरासाठी असते."

मी ओट्यावर बसून विचार केला. असं काय आहे माह्याजवळ, जे कोणालेच सांगतलं नाई? शेवटी सापडलं काहीतरी. हिनं विचारलं, "नव्यात माहं नाव आहे काय?" मी म्हटलं, "सांगता येत नाई." त्या दिवशी चहात साखर पडली नाई. दुसऱ्या दिवशीबी नाई. म्हणून मंग विलासले सांगून नाव टाकायले लावलं.

आता मस्त पक्का पासवर्ड झाला आहे, कोणाच्या बापालेबी समजणार नाई! पहिले हिचं नाव, त्याच्यापुढं मी लहानपणी ज्या झाडावरून पडलो ते जांभूळ, अन् मंग आमच्या पहिल्या बैलाचं...

थांबा.

हसू नका. चहा आला, घ्या. अन् तुमच्यात मोबाईल चालवता येणारं कोणी असन, त जरा विलासले फोन लावून द्या.